शंभर गळांचा दोर

अलास्काच्या दक्षिण अंगास प्रशांत महासागराचे जे विस्तीर्ण आखात पसरले आहे, त्याच्या काठावरील होमर, कोडियाक, सिटका, पीटर्सबर्ग यांसारख्या बंदरांत, डोंगरमाथ्यांवरचे बर्फ अद्याप हललेले नसताना, मार्चच्या मध्यास चाळीस-पन्नास फुटी नौकांवर लगबग सुरू होते. दोरांची वेटोळी उलगडून तपासली जातात, वाकलेले व गंजलेले गळ बदलले जातात, बर्फाच्या कारखान्यातून जाड नळीवाटे नौकेच्या पोटातील खण भरून घेतले जातात. या नौकांचा नाखवा आणि तांडेल बहुधा एकच असतो, आणि त्याच्या हाताखालचे दोन-तीन खलाशी म्हणजे पुष्कळदा त्याचा मुलगा, मुलगी, भाऊ किंवा खुद्द पत्नी. हा सारा खटाटोप हॅलिबट नावाच्या चपट्या माशासाठी असतो. समुद्रातून अन्न काढण्याच्या ज्या अनेक रीती माणसाने शोधल्या, त्यांत इतकी संथ, इतकी मोजकी आणि कायद्याच्या कलमांनी इतकी जखडलेली रीत विरळाच सापडेल. एक मासा नामशेष होता होता वाचला, तो कसा वाचला आणि त्या वाचण्याची किंमत अखेर कोणाच्या पदरी पडली, हे या लहान नौकांकडे पाहिल्यावाचून नीट उमगत नाही.

कोकणच्या बाजारात लेपा पाहिलेल्या वाचकाला हॅलिबटच्या आकाराची कल्पना चटकन येईल, आकारमानाची मात्र येणार नाही. लेपा तळहातावर मावतो; हॅलिबटची मादी आठ फुटांहून लांब आणि पाचशे पौंडांच्या घरात वजनाची होऊ शकते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू इतर कोणत्याही माशाप्रमाणे उभे पोहते आणि त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक डोळा असतो. परंतु ते जेमतेम इंचभर होईतो त्याचा डावा डोळा कवटीवरून सरकत उजव्या बाजूस येतो, अंग आडवे होते, वरची बाजू तळाच्या चिखलवाळूसारखी तपकिरी व ठिपक्याठिपक्यांची बनते आणि खालची पांढरी राहते. हिवाळ्यात भूखंडाच्या उताराच्या कडेला, खोल व काळोख्या पाण्यात, माद्या लाखोंनी अंडी सोडतात. ती अंडी आणि त्यांतून निघालेली पिल्ले आखातातील प्रवाहाबरोबर महिनोन्महिने पश्चिमेकडे वाहत जातात, आणि पुढे वाढीला लागल्यावर त्यांतील कित्येक मासे पूर्वेकडे व दक्षिणेकडे शेकडो मैलांचा उलट प्रवास करतात. मादी प्रजननक्षम व्हायला सरासरी बारा वर्षे लागतात. या माशाचे नोंदले गेलेले सर्वाधिक वय पंचावन्न वर्षांचे आहे, आणि ते कानातील खड्यावरच्या वलयांवरून मोजले जाते. जो मासा इतक्या सावकाश वयात येतो, त्याची अविचाराने केलेली लूट भरून निघायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते. पुढच्या साऱ्या कायद्यांचे मूळ या एका जीवशास्त्रीय वस्तुस्थितीत आहे.

या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांनी, विशेषतः त्लिंगिट आणि हायडा लोकांनी, ही गोष्ट आपल्या गळाच्या घडणीतच गुंफून ठेवली होती. त्यांचा गळ लाकडाचा असे: दोन भुजा, एक हलक्या तरत्या लाकडाची व दुसरी अधिक जड लाकडाची, झाडाच्या मुळांच्या तंतूंनी कोनात बांधलेल्या, आणि आतल्या अंगाला हाडाचा काटा. एका भुजेवर एखाद्या प्राण्याची किंवा आत्मशक्तीची आकृती कोरलेली असे, आणि ती बाजू तळाकडे, येणाऱ्या माशाकडे राही. दगडाला बांधलेला हा गळ तळापासून किंचित वर तरंगे. भुजांमधील अंतर असे राखलेले असे की फार लहान माशाचे तोंड त्यात अडकू नये आणि फार मोठ्या माशाच्या तोंडात तो शिरू नये. म्हणजे ज्या प्रचंड माद्यांनी पुढच्या पिढ्या जन्मास घालावयाच्या, त्या आपोआप वगळल्या जात. ज्या विवेकासाठी आधुनिक राष्ट्रांना करारनामे व आयोग निर्माण करावे लागले, तो या लोकांनी एका लाकडी वस्तूत कोरून ठेवला होता, ही गोष्ट मला अत्यंत आदरणीय वाटते.

आजच्या नौकेवरील साधन दिसायला अगदी निराळे असले तरी त्याचे तत्त्व तेच आहे. तळावर पसरावयाच्या मुख्य दोराचे रूढ एकक तीनशे वावांचे, म्हणजे अठराशे फुटांचे. त्यावर दर अठरा फुटांस एक याप्रमाणे शंभर आखूड दोऱ्या आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला एक गळ. असे कित्येक दोर एकमेकांस जोडून लांबच लांब माळ तयार होते. तिच्या दोन्ही टोकांना नांगर, नांगरापासून पृष्ठभागापर्यंत दोर, आणि वर बोया व उंच काठीवरचे निशाण. मोठ्या नौकांवर गळ दोराला कायमचे बांधलेले असतात आणि त्यांना आमिष लावून दोर नीट गुंडाळून ठेवण्यास पुष्कळ हात लागतात. लहान नौकांनी यावर सोयीची तोड काढली आहे: नुसता मुख्य दोर एका मोठ्या रिळावर गुंडाळलेला असतो, आणि तो पाण्यात सुटत असतानाच आमिष लावलेले गळ चापाच्या साहाय्याने एकेक करून त्यावर अडकवले जातात. त्यामुळे गळांतील अंतर तळ पाहून कमीजास्त करता येते आणि तीन माणसांत काम भागते.

आमिष म्हणून तारलीच्या कुळातील हेरिंग, स्क्विड, ऑक्टोपस किंवा सामनचे तुकडे वापरतात. ऑक्टोपस महाग, पण चिवट. कॉड व इतर उपद्रवी मासे टोचत राहिले तरी तो गळावर टिकून राहतो. दोर सोडण्याचे काम काही मिनिटांचे, परंतु सर्वांत धोक्याचे, कारण नौका पुढे जात असते, दोर वेगाने मागे ओढला जात असतो, आणि बाहीत किंवा हातमोज्यात एक गळ अडकला तर माणूस दोराबरोबर थेट समुद्रात जातो. म्हणून वरवंडीजवळ, हात पोचेल अशा जागी, धारदार सुरी ठेवण्याची शिस्त आहे, आणि घरच्या मुलालाही नाखवा प्रथम तीच जागा दाखवतो. याच वेळी आमिषावर झडप घालणारे समुद्रपक्षी गळांत अडकून बुडतात, म्हणून मोठ्या नौकांना डोलकाठीवरून रंगीत नळ्या लोंबणारे दोर मागे पसरावे लागतात, आणि लहान नौकांनाही त्यांच्या बेताचे उपाय योजावे लागतात. त्यामागे मुख्यतः आखूड शेपटीच्या अल्बट्रॉसची काळजी आहे. पिसांच्या व्यापाराने या पक्ष्याचा इतका संहार झाला होता की १९४९ साली तो नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले, आणि पुढे जपानच्या तोरिशिमा बेटावर त्याची मोजकी जोडपी आढळली.

दोर तळावर काही तास, कधी रात्रभर, पडून राहतो. तो फार काळ ठेवून भागत नाही. तळावरचे बारीक कवचधारी किडे अडकलेल्या माशाच्या अंगात शिरून त्याला आतून पोखरतात आणि वर येते ती नुसती कातडी. दोर ओढण्याचे काम द्रवदाबावर फिरणारे चाक करते, परंतु कसोटी लागते ती नौकेच्या काठाशी रुळाजवळ उभ्या असलेल्या माणसाची. एका हाताने तो चाकाचा वेग आवरतो, दुसऱ्या हातात लांब दांड्याची आकडी, नजर पाण्यातून वर येणाऱ्या दोरावर, आणि नौकेची दिशा व समुद्राचा हेलकावा यांचे भान वेगळेच. हॅलिबट वर आला की आकडी त्याच्या डोक्यातच बसली पाहिजे. अंगात बसली तर मांस फाटते आणि बंदरावर भाव उतरतो. मोठा मासा जिवंतपणी फळीवर येऊ देणे म्हणजे आपत्तीला आमंत्रण, कारण त्याच्या शेपटीच्या तडाख्याने माणसाची तंगडी मोडू शकते. म्हणून त्याला आधी डोक्यावर सोट्याचा घाव घालून निश्चेष्ट करतात.

लांबी बत्तीस इंचांहून कमी भरली तर मासा परत सोडावा लागतो. तो रुळावर येण्यापूर्वीच, आकडीच्या एका पिळ्याने गळ उलटा काढून, पाण्यात जाऊ देणे हे कौशल्य आहे. अशा रीतीने सोडलेल्यांपैकीही शेकडा सोळा मरतात असे धरून हॅलिबटचे नियमन करणारा अमेरिका-कॅनडाचा संयुक्त आयोग आपला हिशेब करतो, आणि ते मेलेले मासेही एकूण जमाखर्चात लिहिले जातात. समुद्रात कोणी पाहत नसताना केलेली हयगय अशी हिशेबात धरली जाते, हे या व्यवस्थेतील मला सर्वांत भावलेले अंग आहे.

ठेवायच्या माशाचे कल्ले व आतडी काही क्षणांत काढली जातात, रक्त वाहू दिले जाते, कण्याजवळचे रक्त खरवडून पोट स्वच्छ धुतले जाते आणि पोटाच्या पोकळीत बर्फ ठासून तो मासा खणात बर्फाच्या थरांत रचला जातो. धडपडून थकलेला किंवा नीट थंड न केलेला मासा वरून निर्दोष दिसला तरी आत खडूसारखा पांढरा व कोरडा निघू शकतो. स्नायूंत साठलेल्या आम्लाचा तो परिणाम. अशा माशाचा भाव कोसळतो आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही जातो. तीन-चार दिवसांची फेरी आटोपून नौका परतते तेव्हा बंदरात पोचण्यापूर्वी किमान तीन तास अगोदर सरकारी कार्यालयास वर्दी द्यावी लागते. काट्यावर प्रत्येक पौंडाची नोंद होते आणि तेवढे वजन नाखव्याच्या ठरलेल्या वार्षिक वाट्याच्या खात्यातून वजा होते. इंधन, आमिष, बर्फ, शिधा यांचा खर्च काढून उरलेल्या रकमेत नौकेचा एक हिस्सा आणि बाकीचा खलाशांचा, ही वाट्याची रीत जुनी आहे. १९१२ साली सिएटल येथे स्थापन झालेल्या खोल समुद्रातील मच्छीमारांच्या संघटनेनेही वाट्यांचे करार हेच आपले मुख्य कार्य मानले.

हे वजावटीचे खाते कसे निर्माण झाले ते समजायला मागे जावे लागते. अटलांटिकच्या अमेरिकन किनाऱ्यावरचा हॅलिबट एकोणिसाव्या शतकात जवळजवळ संपुष्टात आणून ठेवल्यावर व्यापाऱ्यांची दृष्टी पश्चिमेकडे वळली. रेल्वेने टकोमा हे प्रशांत किनाऱ्यावरील बंदर पूर्वेकडील बाजारपेठांस जोडले, आणि १८८८ साली ‘ऑस्कर अँड हॅटी’ या शिडाच्या गलबताने केप फ्लॅटरीजवळ धरलेला मासा बर्फात घालून आगगाडीने बोस्टनला रवाना केला. त्यानंतरची गती भयंकर होती. मोठ्या गलबतावरून दोन-दोन माणसांच्या लहान होड्या सोडल्या जात. ती माणसे हाताने दोर टाकीत व हातानेच ओढीत, आणि धुक्यात चुकलेल्या होड्यांपैकी कित्येक परतल्या नाहीत. नॉर्वेतून आलेल्या स्थलांतरितांनी हा धंदा आपलासा केला. पीटर्सबर्ग गाव त्यांच्याच वस्तीतून उभे राहिले, आणि त्या पिढीने १९१० व १९२०च्या दशकांत बांधलेल्या लाकडी नौकांपैकी काही अगदी अलीकडेपर्यंत समुद्रावर जात होत्या. परंतु जवळची क्षेत्रे ओस पडत चालली, नौका उत्तरेकडे दूरदूर जाऊ लागल्या, आणि दक्षिणेकडील क्षेत्रांत एका दोरामागे मिळणारी मासळी पंचवीस वर्षांत पाव हिश्श्याहून खाली आली.

२ मार्च १९२३ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिका व कॅनडा यांच्यात हॅलिबटविषयीचा तह झाला. कॅनडाच्या वतीने त्यावर अर्नेस्ट लापॉइंट यांनी एकट्याने सही केली. ब्रिटिश राजदूताची सही असावी हा लंडनचा आग्रह कॅनडाने मानला नाही. साम्राज्यातील एका वसाहतीने स्वतःच्या अधिकारात परराष्ट्राशी केलेला हा तिचा पहिला तह, आणि तो सैन्याविषयी वा जकातीविषयी नसून तळच्या एका माशाविषयी होता. तहाने हिवाळ्यात, म्हणजे प्रजननाच्या काळात, तीन महिन्यांची बंदी घातली आणि शास्त्रीय अभ्यासासाठी दोन्ही देशांचा संयुक्त आयोग नेमला. विल्यम एफ. थॉम्पसन हे त्याचे पहिले संचालक. १९२५ पासून माशांना खुणेचे बिल्ले लावून पुन्हा सोडण्यास आरंभ झाला, आणि तेव्हापासून हा आयोग सिएटल येथून काम करीत आला आहे. आज दरवर्षी उन्हाळ्यात भाड्याने घेतलेल्या मासेमारी नौका ठरलेल्या चौकडीच्या शेकडो ठिकाणी एकाच प्रकारचे दोर, एकाच मापाचे गळ आणि एकच सामनचे आमिष वापरून मासा मोजतात. त्या मोजणीवरून पुढच्या वर्षी कोणत्या विभागातून किती मासा काढावा हे ठरते. १९८३च्या सुमारास जुना सरळ गळ टाकून मच्छीमारांनी वर्तुळाकार गळ घेतला तेव्हा पकड जवळजवळ दुप्पट झाली. कारण मासा ओढ घेऊ लागला की हा गळ सरकत त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो.

तरीही एकूण मर्यादा ठरवल्याने प्रश्न सुटला नाही. मर्यादा सर्वांची मिळून एकच होती, आणि ज्याच्या हाती लागेल त्याचा मासा हा नियम होता. म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याच्या आधी धावू लागला. नौका वाढल्या, मुदत आकसत गेली, आणि १९८०च्या दशकात व १९९०च्या आरंभी अलास्काच्या मुख्य विभागांत वर्षाकाठी चोवीस-चोवीस तासांच्या दोन-तीन पाळ्यांत साऱ्या वर्षाचे काम उरकू लागले. ठरलेल्या दिवशी वादळ असले तरी निघणे भाग होते, कारण दुसरा दिवस नव्हता. अनुभवी आणि अननुभवी, तीन हजारांहून अधिक नौका एकाच वेळी समुद्रावर. माणसे झोपेवाचून दोर ओढीत, काही बुडत. ओढायला वेळ न उरलेले दोर तळावर सोडून दिले जात आणि त्यांवरचे मासे फुकट मरत. किनाऱ्यावर एकाच दिवशी येऊन पडलेला प्रचंड माल गोठवण्यावाचून गती नसे, आणि भाव कोसळे. या व्यवस्थेला मुक्त स्पर्धा म्हणणे मला पटत नाही. ती माणसांच्या जिवाशी चाललेली अविचारी झोंबाझोंबी होती.

१९९५ साली अमेरिकेने अलास्कात हा प्रकार थांबवला. कॅनडाने चार वर्षे आधी तसेच केले होते. १९८८ ते १९९० या काळात ज्यांनी हॅलिबट उतरवला होता अशा नौकांच्या मालकांना व भाडेपट्टेदारांना, १९८४ ते १९९० मधील त्यांच्या उत्तम पाच वर्षांच्या पकडीवरून, एकूण मर्यादेतील कायमचा हिस्सा देण्यात आला. हा हिस्सा आपल्याकडच्या वतनासारखा आहे: पूर्वीच्या वहिवाटीवर मिळालेला, वारसाने पुढे जाणारा, विकता येणारा, आणि ज्याच्या नावावर नाही त्याला कितीही मेहनत करून आपोआप न लाभणारा. त्याचे तात्कालिक फळ निःसंशय चांगले होते. मुदत सुमारे आठ महिन्यांची झाली, हवा पाहून निघता येऊ लागले, अपघात घटले, ताजा मासा वर्षातील बहुतेक काळ बाजारात येऊ लागला आणि भाव सुधारला. परंतु ज्या खलाशांनी वीस-वीस वर्षे दोर ओढले होते, त्यांच्या नावावर एक पौंडही लिहिला गेला नाही. पुढे हिस्से विकले जाऊ लागले, नौकांची संख्या हजाराच्या आसपास आली, आणि लहान गावांतून हक्क बाहेर जाऊ लागले. ज्याने हक्क एकदा विकला त्याच्या गावात तो सहसा परत आला नाही.

कायदा करणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. हिश्श्यांचे नौकेच्या लांबीप्रमाणे वर्ग केले. लहान नौकांच्या वर्गातील हक्क मोठ्या कंपन्यांच्या ताब्यात सरसकट जाऊ नये अशी त्यात योजना आहे. नव्याने हक्क विकत घेणाऱ्याने स्वतः नौकेवर हजर राहिले पाहिजे, अशी अट आहे. मूळ हक्कदारांना मात्र तीतून सूट आहे, आणि त्या सुटीचा आधार घेऊन पगारी तांडेलामार्फत मासा काढणारे मालक काही काळ पुष्कळ होते. पश्चिम अलास्कातील किनारी मूलनिवासी गावांसाठी वेगळा वाटा राखून ठेवला आहे, आणि २००४ पासून आखाताकाठच्या लहान गावांच्या संस्थांनाही हक्क विकत घेण्याची मुभा मिळाली. परंतु एका पौंडाच्या कायम हक्काला मासळीच्या एका वर्षाच्या भावाच्या कित्येक पट किंमत पडत असल्याने त्या मुभेचा लाभ फार थोड्या गावांना घेता आला.

शिवाय हॅलिबटवर हक्क गळवाल्यांचा असला तरी तो मारला जातो केवळ त्यांच्याच हातून, असे नाही. बेरिंग समुद्रात तळ खरवडत जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांत दुसऱ्या माशांबरोबर हॅलिबटही सापडतो. तो विकणे निषिद्ध असल्याने पाण्यात टाकावा लागतो, आणि त्यातील पुष्कळ मेलेला असतो. समुद्रातील हॅलिबटची संख्या घटली की गळवाल्यांचा वाटा लगेच कमी होई, जाळेवाल्यांची मर्यादा मात्र तेवढीच राही. ही विषमता दूर करण्याचा निर्णय तेथील मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या प्रादेशिक मंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये घेतला, आणि त्यानुसार जाळ्यांच्या मुख्य ताफ्याची मर्यादाही माशाच्या विपुलतेशी जोडली गेली. इतका उघड न्याय इतक्या उशिरा व्हावा याचे मला दुःख वाटते. त्यात हॅलिबट आता पूर्वीपेक्षा सावकाश वाढू लागला आहे. १९८०च्या दशकातील त्याच वयाच्या माशाच्या मानाने आजचा मासा पुष्कळ लहान भरतो.

म्हणून मार्चमध्ये नौकेवर चढणाऱ्या तरुण मुलामुलींना आज दोन हिशेब करावे लागतात. पहिला अनुभवाचा: ज्याला मूळ वाटपात काही मिळाले नव्हते, त्याला हक्क विकत घेण्यास पात्र ठरायचे तर अमेरिकेच्या व्यापारी मासेमारीत खलाशी म्हणून किमान १५० दिवसांचे काम दाखवावे लागते. आईबापांच्या नौकेवर वाढलेली मुले ते दिवस शाळेच्या सुट्ट्यांत पुरे करतात. दुसरा हिशेब कर्जाचा आहे. मासा उतरवणाऱ्या प्रत्येक हक्कदाराकडून मासळीच्या किमतीवर शेकडा तीनपर्यंत शुल्क घेतले जाते आणि त्याचा काही भाग नवशिक्या व लहान नौकाधारकांच्या कर्जासाठी राखून ठेवलेला आहे. असे कर्ज काढून घेतलेला हिस्सा म्हणजे काही ठरावीक पौंड नव्हेत; ते एकूण मर्यादेचे प्रमाण असते, आणि आयोग आपल्या वार्षिक बैठकीत मर्यादा कमी करतो तेव्हा हप्ता तोच राहतो व त्याच्या फेडीचा मासा कमी होतो. गेल्या दोन दशकांत काही विभागांत तसे वारंवार घडले आहे. आणि तरीही प्रत्येक बंदरात दरवर्षी दोन-चार तरुण त्या बैठकीचे आकडे हाती पडताच नाखव्याच्या स्वयंपाकघरात बसून कर्जाचे कागद भरतात.